जाडा रवा, बारीक रवा

घरात दुसरा कॅमेरा आला त्या दिवशी बायकोने एवढंच विचारलं, "पहिल्याला काय झालं?"

काहीच झालं नव्हतं, आणि अडचण तीच होती. फ्रीज गार करेनासा होतो, मिक्सरला जळका वास येतो, मग माणूस उजळ माथ्याने दुकानात जातो. माझा निकॉन डी९० मात्र २००९ पासून मुकाट काम करत होता. पट्ट्यावरची पिवळी अक्षरं तेवढी पुसली होती. त्याच्यावर आरोप ठेवायला माझ्यापाशी काहीही नव्हतं.

"फरक आहे दोघांत," मी म्हणालो.

"किती?"

"दाखवतो."

हा 'दाखवतो' तोंडातून गेला आणि पुढचे दोन रविवार वाया गेले.

डी९० ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झाला तेव्हा तो व्हिडिओ काढणारा जगातला पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, होता. 'जगातला पहिला' या दोन शब्दांवर मी तेव्हा घरून मंजुरी मिळवली होती. प्रत्यक्षात हा जगातला पहिला एका दमात पाचच मिनिटं एचडी व्हिडिओ घ्यायचा, आणि तेवढ्यात फोकस आपण हाताने फिरवायचा. चुलतभावाच्या लग्नात मी पहिल्या मंगलाष्टकाला बटण दाबलं. पण आमच्याकडे प्रत्येक आत्याचं स्वतः रचलेलं एक मंगलाष्टक असतं. तिसऱ्या आत्याने वधूच्या माहेरचं गाव वृत्तात बसवायला घेतलं आणि पाच मिनिटं भरली. त्यामुळे त्या लग्नाच्या व्हिडिओत लग्न सोडून सगळं आहे.

नवा म्हणजे डी७५००. हा २०१७ सालचा, आणि मी घेतला २०२३ मध्ये. भाच्याने खोकं बघून विचारलं, "मामा, आता आरसेवाला कॅमेरा कोण घेतं?" त्याला म्हटलं, आमच्या घरात वस्तू आली त्या दिवसापासून नवी धरतात. नवी सून दहा वर्षं नवीच असते. हे वाक्य बायकोने ऐकलं. ते मी नंतर निस्तरलं, तो विषय वेगळा.

सुरुवात आकड्यांनी केली. तीच चूक झाली. "जुना १२.३ मेगापिक्सेल, नवा २०.९. म्हणजे सरळ ७० टक्के जास्त!" लेक नववीत आहे. ती वहीतून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, ते क्षेत्रफळ झालं. लांबीत किती वाढलं ते बघ. वर्गमूळ काढ."

काढलं. जुन्या फोटोची लांब बाजू ४२८८ पिक्सेल, नव्याची ५५६८. वाढ तीस टक्के. ७० चे ३० झालेले बघून बायको म्हणाली, "दुकानात घासाघीस करायला हिलाच न्यायला हवं होतं."

लेक थांबली नाही. चार बाय सहा इंचाचा फोटो छापायचा तर इंचाला ३०० ठिपके धरून १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल पुरतात, हेही तिने काढून दाखवलं. जुन्यातलेच एक कोटी पिक्सेल उरतात.

"आणि आपण शेवटचा फोटो छापला कधी?" बायको.

मागच्या पडद्याची गोष्ट मी त्या दिवशी दडवली, ती आज पहिल्यांदा सांगतो. जुन्याच्या पडद्यावर ९ लाख २० हजार ठिपके होते. नव्याच्या पडद्यावर ९ लाख २२ हजार आहेत. नऊ वर्षांत दोन हजार ठिपके! नवा पडदा बाहेर येतो, वाकतो, बोट लावलं की ऐकतो, हे खरं. पण हे आकडे लेकीच्या हाती पडले असते तर मला गॅलरीत झोपावं लागलं असतं.

मग ठरवलं की आकडे नकोत, प्रयोग करू. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात तिपाई लावली. लेन्स दोघांना एकच, जुनी ५० मिलिमीटरची. निकॉनच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांत लेन्स बसवायची खोबण १९५९ पासून तीच आहे आणि या दोन्ही बॉड्यांत फोकसची मोटर आहे, त्यामुळे ही म्हातारी दोघांकडेही सुखाने नांदते. समोर ओट्यावर स्टीलचं पातेलं, मागे भिंतीवर दिनदर्शिकेचं उलटं पान. त्यावरची अळूवडीची कृती बारीक टायपात, म्हणजे तपशील तपासायला उत्तम.

"ते पातेलं हलवू नकोस. त्याच्या कडेवर शार्पनेस बघायचाय."

"त्याच्यात वरण लावायचंय."

"दहा मिनिटं."

"मग वरणाला पण दहा मिनिटं थांबायला सांगा."

शेवटी वरण लागलं, पातेल्याच्या जागी कढई आली, आणि माझ्या प्रयोगातले निम्मे फोटो पातेल्याचे व निम्मे कढईचे झाले. शास्त्रज्ञांची लग्नं कशी टिकतात कोण जाणे.

पण त्या रात्री एक गोष्ट मात्र सगळ्यांना पटली. मी ट्यूब बंद केली, देवघरातली समई आणून ठेवली आणि दोन्ही कॅमेऱ्यांचा आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ करणारा आकडा, वाढवत गेलो. फोटो लॅपटॉपवर मोठे करून दाखवले. जुन्याचा ३२०० चा फोटो बघून बायको म्हणाली, "हा जाडा रवा." नव्याचा ३२०० बघून, "हा बारीक. एकदा चाळलेला." नवा जाड्या रव्यावर यायला त्याला बराच वर चढवावा लागला. मग मी चेव येऊन नव्याची अगदी शेवटची पायरी लावली, आयएसओ सोळा लाख चाळीस हजार. समई, कढई आणि अळूवडी यांच्या जागी काहीतरी जांभळं-हिरवं अवतरलं.

"साबुदाणा," बायको म्हणाली. "भिजवलेला. हे मला कळलं. हे आधीच का नाही सांगितलंत?"

असं का होतं हेही मी तिला सांगितलं, आमच्या जुन्या चाळीच्या भाषेत. उजेड म्हणजे गळणारं पाणी. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा कॅमेऱ्यातला तुकडा, ही खोली, आणि दोन्ही कॅमेऱ्यांची खोली जवळपास एवढीच, साडेतेवीस मिलिमीटर लांब. पाऊसही तेवढाच. नव्याने खोलीत पातेली, म्हणजे पिक्सेल, जास्त मांडलीत, पण खरी सुधारणा ती नव्हे. पाणी मोजणाऱ्याचा हात पूर्वीपेक्षा कमी थरथरतो, ही खरी सुधारणा. भरपूर पाऊस असेल तर थरथर कळत नाही. पण पातेल्यात चारच थेंब पडले असतील आणि मोजणाऱ्याने दोन इकडचे तिकडे केले, तर तोच रवा. म्हणून भर दुपारी गॅलरीत काढलेल्या तुळशीच्या फोटोंत जुना कोणता आणि नवा कोणता हे मलाही फाइलचं नाव बघून सांगावं लागलं.

आता एक कबुली. गेली चौदा वर्षं माझा कुठलाही फोटो बिघडला की मी म्हणायचो, "कॅमेरा जुना झालाय." फार सोयीचं वाक्य होतं. जुन्याला फोकसचे ११ बिंदू, म्हणून चेहरा हलला. नव्याला ५१ आहेत. पहिल्याच हळदीकुंकवाला त्यांतल्या नऊ बिंदूंनी मिळून, माझी परवानगी न घेता, बायकांच्या पुढ्यातलं गुलाबदाणीचं झाकण अत्यंत सुस्पष्ट टिपलं. बिंदू कोणता हे आपण निवडायचं असतं, ते मी निवडलं नव्हतं. जुना सेकंदाला साडेचार फोटो काढायचा, नवा आठ काढतो. म्हणजे पूर्वी सेकंदाला साडेचार बिघडायचे, आता आठ बिघडतात. घरी येऊन मोजले तर एका हळदीकुंकवाचे अकराशे फोटो. त्यांतल्या तीनशे फोटोंत एकच वहिनी एकाच चमच्याने तेच पोहे उचलतेय.

आणि कोपरं! डी९० च्या खिडकीतून बघताना चौकट लांबीत आणि रुंदीत ९६ टक्केच दिसते. चारी कडांची दोन-दोन टक्क्यांची पट्टी दिसत नाही, फोटोत मात्र येते. माझ्या अल्बमांत या पट्टीत एक वेगळंच कुटुंब राहतं. कोणाचं कोपर, कोणाची पर्स, अर्धा वाढपी, एका फोटोत नुसतंच टक्कल. मी नेहमी ९६ टक्क्यांकडे बोट दाखवायचो. नव्यात पूर्ण १०० टक्के दिसतं. आता कोपर आलं तर ते मी स्वतः बघून, पसंत करून घेतलेलं असतं.

जुना विकून टाकावा म्हणून एकदा फोर्टात बोरा बाजारला जाऊन आलो. दुकानदाराने रिक्षाचं मीटर बघावं तसं "शटर काउंट किती?" विचारलं, म्हणजे आजवर किती फोटो काढले. सांगितला. त्याने जो भाव सांगितला तो ऐकून मी विचारलं, "बॅगेसकट?" तो म्हणाला, "बॅगेचाच बोललो." कॅमेरा परत घेऊन आलो.

हे सगळं आई गॅलरीतल्या खुर्चीतून बघत होती. दुसऱ्या रविवारी म्हणाली, "दोन-दोन कॅमेरे आहेत तर माझा एक चांगला फोटो काढून ठेव. भिंतीवर लावायला."

कुठल्या भिंतीवर ते सगळ्यांना कळलं. बायकोने गॅस बारीक केला.

"असं काय बोलता, आई?"

"अगं, आयत्या वेळी धावपळ होते. ह्यांच्या वेळी काय झालं आठवतंय ना?"

आठवत होतं. बाबांचा धड एक फोटो सापडला नव्हता. माझ्यासारखा फोटोग्राफर घरात असून! शेवटी बँकेच्या पासबुकावरचा मोठा करून घेतला. त्यांच्या डाव्या खांद्यावर अजून गोल शिक्क्याची कड दिसते. येणारे-जाणारे तिला शालीचा काठ समजतात.

आई हिरवं इरकल नेसून, मोत्याच्या कुड्या घालून बसली. मी दोन्ही कॅमेऱ्यांनी काढले. खिडकीचा उजेड, साधी भिंत, बिंदू या वेळी नीट डोळ्यावर धरलेला. नव्याचे फोटो तर असे आले की मला स्वतःचाच आदर वाटला. पापणीचा केस न् केस सुटा.

आईने लॅपटॉपवर नव्याचा बघितला. "यात मी आजारी दिसते."

जुन्याचा दाखवला.

"यात पण आजारीच आहे. पण औषध लागू पडतंय."

मग म्हणाली, "तो मुंजीतला कुठाय? सांगलीचा?"

२००९ ची, पुतण्याची मुंज. डी९० घरी येऊन महिनाही झाला नव्हता. पंगतीचा फोटो, आणि उजव्या कडेला आई जिलबीचं ताट हातात घेऊन चौकटीबाहेरच्या कोणाला तरी मनापासून हसतेय. तिला फोटो काढतोय हे माहीतच नव्हतं.

"हाच लाव."

"आई, हा चौदा वर्षांपूर्वीचा आहे. यात तू तरुण आहेस."

"मग? मेल्यावर काय वय वाढतं का?"

याला उत्तर नव्हतं. मी फाइल उघडली आणि आईपुरता तुकडा कापला. ६१२ गुणिले ७६५ पिक्सेल. आठ बाय दहाच्या फ्रेमला इंचाला जेमतेम ७६ ठिपके पडत होते. म्हणजे मला जास्त मेगापिक्सेल खरोखरच हवे होते, बायकोसमोर मी खोटं बोललो नव्हतो. फक्त ते २००९ साली हवे होते. त्यात उजवीकडच्या न दिसणाऱ्या पट्टीतून, मोजून ८६ पिक्सेल रुंद असं मेव्हण्याचं कोपर आत येऊन आईच्या खांद्याला टेकलं होतं. ते कापावं तर आईचा खांदा जात होता.

"आई, हा मोठा होणार नाही. फुटेल."

"का नाही होणार? एवढा नवा आणलायस ना? त्याने मोठा करून घे."

"असं नाही होत, आई. एकदा काढला की..."

"विचारून तरी बघा त्याला," बायको आतून म्हणाली.

मी वीस मिनिटं समजावलं. पाऊस, पातेली, थरथरणारा हात, सगळं झालं. मग मुंजीच्या अल्बममधून चार बाय सहाचा तो छापील फोटो काढला, भिंतीला टेकवला, तिपाई लावली आणि नव्या कॅमेऱ्याने त्या फोटोचा फोटो काढला. आई मागे उभी राहून पडद्यात बघत होती. २०.९ मेगापिक्सेलमध्ये २००९ चा जाडा रवा कणाकणासकट आला. कोपराच्या बाहीवरची घडीही आली.

"बघ," आई म्हणाली. "झाला की नाही मोठा?"

फ्रेम झाली. आईने ती लगेच बाबांच्या शेजारी लावायला लावली, कशी दिसते ते आपल्या डोळ्यांनी बघायचं म्हणून. हाराचा खिळा मात्र ठोकू दिला नाही.

परवा खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीची पावती घेऊन आले. दारातच त्यांची नजर भिंतीवर गेली. चपला काढल्या, पावती खिशात घातली, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. मी काही बोलणार तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन बाहेर आली, त्यांच्या शेजारी उभी राहिली, आणि भिंतीकडे बघत म्हणाली,

"काय हो, ते कोपर कळून येतंय का?"