कृष्णविवराचं कडं संगणकाने शिकून काढलेलं नाही

२०१९ मध्ये जाहीर झालेला, काळोखाभोवती नारिंगी कडं दाखवणारा ‘कृष्णविवराचा फोटो बनावट’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. आता तो दहावीतल्या भाचीच्या शाळेच्या गटावर, शिक्षकांच्या शिफारशीसह पोचला. मुलांना हे खरं म्हणून सांगितलं जात असेल तर गप्प बसणं शक्य नाही.

सर्वांत बेताल दावा असा: संगणकाला आधी कडं शिकवलं, म्हणून कडं उमटलं.

हे कृष्णविवर एम८७ या दीर्घिकेच्या केंद्रात आहे. एप्रिल २०१७ मध्ये तिच्याकडे रोखलेल्या, जगभर पसरलेल्या सात दुर्बिणींनी १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरी हायड्रोजन मेझर या अतिअचूक अणुघड्याळाच्या वेळेसह हार्ड डिस्कवर नोंदवल्या. जर्मनीतल्या बॉन आणि अमेरिकेतल्या हेस्टॅक इथे दोन-दोन दुर्बिणींच्या नोंदी जुळवल्या गेल्या. कड्याची खूण चित्राआधी या आकड्यांतच आहे. दुर्बिणींमधलं अंतर वाढतं तसा संकेत क्षीण होतो, अंतर लहरीच्या लांबीच्या सुमारे ३.४ अब्ज पट झालं की तळाला जातो, पुन्हा वाढतो आणि ८.३ अब्ज पटींच्या आसपास परत तळ गाठतो. या दोन अंतरांचं गुणोत्तर २.४. बारीक कड्यासाठी ते २.३ येतं, भरीव तबकडीसाठी १.८. यात शिकवलेला संगणक कुठे आला?

चित्रं नंतरची. शास्त्रज्ञांच्या चार गटांनी एकमेकांशी न बोलता ती बनवली. चौघांनाही कडंच मिळालं. मग कडं, चंद्रकोर, तबकडी आणि दोन ठिपके यांची कृत्रिम निरीक्षणं देऊन पद्धती तपासल्या. तबकडी दिली तेव्हा तबकडीच आली. ॲस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्समधल्या २०१९ च्या मालिकेतला चौथा निबंध फुकट वाचता येतो. पुढे ढकलण्याआधी तो उघडायला काय हरकत होती?

‘जपानी शास्त्रज्ञांनी पकडलं’ यात थोडं तथ्य आहे. मियोशी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आक्षेप छापला: दुर्बिणींच्या अंतरांतल्या फटींमुळे कडं भासतं. पण २०१८ च्या निरीक्षणांत ग्रीनलँडची दुर्बीण आली, फटी बदलल्या, तरी २०२४ मध्ये छापलेल्या चित्रात कड्याचा व्यास तोच राहिला. तेजस्वी भाग मात्र सुमारे ३० अंश सरकला.

‘पृथ्वीएवढी दुर्बीण नसतेच’ म्हणणाऱ्यांनी नारायणगावजवळच्या खोडदला जावं. तिथल्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत आणि नोंदी जुळवण्याच्या याच तत्त्वावर एका दुर्बिणीसारख्या चालतात. त्या मीटरभर लांबीच्या लहरी टिपतात आणि त्यांचा पसारा पृथ्वीच्या मानाने छोटा आहे, म्हणून हे कडं त्यांना दिसत नाही, इतकंच.

नारिंगी रंग निवडलेला आहे, हे मान्य. रेडिओलहरींना रंग नसतो. मोजमापं विरळ असल्याने कड्यावरच्या बारीक गाठींवरही विसंबू नये. ४२ मायक्रोआर्कसेकंदांचा (एक मायक्रोआर्कसेकंद म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाचा दहा लाखावा हिस्सा) व्यास, मधला अंधार आणि दक्षिणेची जास्त चमक मात्र सगळ्या पद्धतींत टिकते.