सोफ्यावरचे करोडपती

परवा सगळ्याच ग्रुपांवर एक क्लिप फिरत होती. क्विझ शोमधल्या एका बाईंना सोपा प्रश्न आला, उत्तर चुकलं, आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. ‘एवढंही येत नाही? आमच्या चौथीतल्या पोराला विचारा!’ त्या बाईंना मी ओळखत नाही. पण त्यांची बाजू घेतो, कारण अशाच एका खेळात मीही त्या खुर्चीवर बसून आलोय. (कुठला चॅनेल, किती मिळाले, विचारू नका. मावसभाऊ फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.)

घरी बसून आपण सगळेच करोडपती असतो. उत्तर स्क्रीनवर हिरवं झालं की ‘मी म्हटलंच होतं’ म्हणायचं, चुकलं तर चहा प्यायचा. तिकडे सकाळपासून मेकअप करून ताटकळत बसलेलं असतं. एसी एवढा की बोटं गारठतात. बारीक चौकड्यांचा शर्ट आधीच नापास, कारण तो कॅमेऱ्यात थरथरतो म्हणे. त्यात फास्टेस्ट फिंगर, म्हणजे खुर्चीवर कोण बसणार हे ठरवणारी फेरी. माझ्या मते अख्ख्या खेळातला सगळ्यात क्रूर भाग तोच. चार गोष्टी क्रमाने लावायच्या आणि निकाल सेकंदाच्या अपूर्णांकावर. कित्येक हुशार माणसं खुर्चीवर न बसताच परत जातात. त्यांना घरी गेल्यावर ‘मग टीव्हीवर दिसलात का?’ एवढंच विचारलं जातं.

आणि खुर्चीवर बसल्यावर जी परीक्षा होते ती सामान्यज्ञानाची कमी, ‘आपल्याला नेमकं किती येत नाही’ याच्या अंदाजाची जास्त. केबीसीची, म्हणजे ‘कौन बनेगा करोडपती’ची, 2019 ची बक्षिसांची शिडी घ्या. दहाव्या प्रश्नाला 3,20,000 चा पडाव (पुढे चुकलात तरी एवढे हातात राहतात), मग 6,40,000, मग 12,50,000, मग 25 लाख. आता अकराव्या प्रश्नावर उत्तर माहीत नसेल तर? खेळ सोडला तरी 3,20,000, चुकलात तरी 3,20,000. म्हणजे तिथे माघार घेण्यात काहीच अर्थ नाही, डोळे मिटून ठोकायचं. पण 12,50,000 जिंकून 25 लाखांच्या प्रश्नावर आलात की हिशोब फिरतो. चुकलात तर साडेबारावरून थेट तीन-वीसवर. आकडेमोड केली तर साधारण 43 टक्के खात्री असेल तर खेळणं फायद्याचं ठरतं. दोन पर्यायांत अडकलात तर गणित म्हणतं, खेळा. पण गणिताला गृहकर्जाचा हप्ता नसतो. ज्याच्या घरात साडेबारा लाख एकरकमी कधी आले नाहीत, तो उठून नमस्कार करतो तेव्हा त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी आधी आपलं पासबुक उघडावं.

लाइफलाइनचंही, म्हणजे अडल्यावर मिळणाऱ्या मदतीचंही, तसंच. ऑडियन्स पोल सिनेमा, क्रिकेट, सणवार असल्या प्रश्नांना सोनं असतो. इतिहासातल्या एखाद्या तहाबद्दल विचाराल तर प्रेक्षकही तुमच्याइतकेच अंदाजपंचे. फोन अ फ्रेंडला तीस सेकंद. प्रश्न आणि चार पर्याय वाचण्यातच त्यातले निम्मे जातात, तेवढ्यात समोरचा ‘अरे वा, कसा आहेस?’ म्हणाला की संपलंच. म्हणून सगळ्यात विद्वान माणूस निवडू नका. जो ‘माहीत नाही’ हे दोन सेकंदांत सांगू शकतो तो निवडा. आमच्याकडे माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं म्हणून सासरे अजून घुश्शात आहेत.

मराठी माणसाचं या खेळाशी जुनं नातं आहे. 2000 साली केबीसीचा पहिला करोडपती झाला तो मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा. 2019 मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटीपर्यंत गेल्या. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला 1500 रुपयांवर. त्यांचं कौतुक करताना लोक ‘खिचडीवाल्या बाईंना एवढं कसं माहीत’ म्हणाले. मला त्या कौतुकाचाच राग आला. खिचडी शिजवणारी बाई पेपर वाचत नाही, असं कुणी ठरवलं? क्लिपमधल्या बाईंना हसणारे आणि ताडेबाईंचं आश्चर्य करणारे मला एकाच सोफ्यावर बसलेले दिसतात.

जिंकल्यानंतरचं तर कुणी बोलतच नाही. बिहारमधल्या मोतीहारीच्या सुशील कुमारने केबीसीत 2011 मध्ये पाच कोटी जिंकले आणि 2020 मध्ये फेसबुकवरच लिहिलं, की त्यानंतरचा काळ आयुष्यातला सगळ्यात वाईट होता. फसवणारे, दान मागणारे, व्यसनं, घरातली भांडणं. मला मिळालेली रक्कम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी प्रसारणानंतर ज्यांचे नंबर माझ्याकडे नव्हते त्यांचेही फोन आले. कुणाला प्लॉट विकायचा होता, कुणाला मंदिराचा कळस करायचा होता.

त्यातून कर. बक्षिसावर सरळ 30 टक्के, वर सेस, मोठ्या रकमेला सरचार्ज. पीपीएफ दाखवा, विमा दाखवा, एक पैशाची सूट नाही. पैसे कापूनच हातात येतात. पार्टी मागणारे मात्र स्क्रीनवर झळकलेला आकडा धरूनच हॉटेल ठरवतात.