सेवेला आकडे कशाला? दाईच्या हातातले मणी बघा

सध्या एक मजकूर गटागटांतून फिरतोय. सार असं: गरिबाचं दुःख डोळ्यांना दिसतं, त्याला सर्वेक्षण लागत नाही, आकडेमोड हे शिकलेल्यांचं खूळ, तो पैसा थेट वाटलेला बरा, आणि आकडे आले की माणूस हरवतो. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. मुद्दे मात्र टिकत नाहीत, शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे तेवढा सोडून.

दुःख डोळ्यांना दिसतं? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग हे डॉक्टर दांपत्य १९८६ साली गडचिरोलीत आलं. तेव्हा खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. त्यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. आधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्याच बायका रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी भरत होत्या, धान लावत होत्या. कुणाला काय दिसलं?

शिकलेल्यांचं खूळ, हा मुद्दा तर मला सगळ्यात खटकतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. पण गावातल्या दाईला बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग काय, दाईला बाद करायचं? बंगांनी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ असं साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, म्हणजे लाल मणी सरकला, तर औषध सुरू. अक्षरओळख नसलेली बाई आकड्यावरून निदान करू लागली. याला खूळ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पैशाचं म्हणाल, तर तो कशावर लावावा हे मोजल्याशिवाय कळत नाही. बंगांच्या कामात ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून शिकवलेल्या गावातल्याच बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था होती. तीन वर्षांत पहिल्या गावांतले नवजात मृत्यू हजार जन्मांमागे ६२ वरून पंचविसाच्या आसपास आले. दुसरीकडे ते साठीच्या घरातच राहिले. ती ४७ गावं मोजली नसती, तर ‘पाऊसपाणी बरं झालं म्हणून मुलं वाचली’ असं कुणीही म्हणालं असतं. ही पद्धत २०११ पासून आशाताईंमार्फत देशभर गेली.

राहिला माणूस हरवण्याचा मुद्दा. इथे मजकुराचं थोडं खरं आहे. कुणी परत न वाचणारे फॉर्म मीही भरलेत. बंगांनाही सुरुवातीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सापडला, आकडे पक्के होते. पण लोकांना तो आपला प्रश्नच वाटत नव्हता. मग त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. दवाखाना कसा हवा, हेसुद्धा. आदिवासींनी सांगितलं, तुमचे पांढरे कपडे बघून भीती वाटते. आम्ही मढ्याला पांढरं गुंडाळतो.