खिडक्या पाडलेली कोठारं? आत जाऊन बघा

बाप्टिस्ट म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरचा एक प्रॉटेस्टंट पंथ. तिथल्या खेड्यांतल्या त्यांच्या जुन्या चॅपलांबद्दल, म्हणजे उपासनेच्या इमारतींबद्दल, एक समज हातोहात फिरतो आहे. ही म्हणे भिंतीत खिडक्या पाडलेली कोठारं. बांधणारे गरीब, म्हणून साधी. कायद्याने बंदी, म्हणून शिखर नाही. आत बाकं मांडली की काम झालं. तेव्हा याला वास्तुकला म्हणायचं कारण नाही. बाहेरचा फोटो पाहून हे कुणालाही पटेल. मी मात्र यातलं जवळजवळ काहीच मान्य करत नाही, आणि त्यासाठी लँकेशायरच्या रॉसेन्डेल खोऱ्यातलं, १७६० साली बांधलेलं गुडशॉ चॅपल समोर ठेवतो.

‘आत बाकं मांडली की झालं’ हे सगळ्यात चुकीचं, म्हणून आधी तेच.

गावचं जुनं चर्च लांबट असतं. वेदी पूर्वेच्या टोकाला, आणि सगळ्यांची तोंडं तिकडे. बाप्टिस्टांना वेदीच नको होती. त्यांच्या उपासनेचा गाभा म्हणजे बायबलमधल्या वचनांचं वाचन आणि प्रवचन. मग त्यांनी व्यासपीठ लांब भिंतीच्या मध्यावर आणलं, माणसं त्याच्याभोवती बसवली आणि वर सज्जे काढले. सज्जामुळे माणसं वाढतात, पण बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर फारसं वाढत नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला यातलं मर्म समजावून सांगावं लागणार नाही: बुवांचा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचलाच पाहिजे. खिडक्या मोठ्या आणि काच बिनरंगी, कारण हातातलं पुस्तक वाचायला उजेड हवा. आवाज आणि उजेड यांचा इतका विचार करून खोली आखणं ही वास्तुकला नव्हे, तर मग वास्तुकला कशाला म्हणायचं?

बाकांचंही तसंच. ती उंच पाठीची, चहूबाजूंनी बंद आणि दार असलेली, पेटीसारखी आहेत. त्या डोंगराळ भागातल्या गारठ्यात दोन-दोन तास बसायचं तर वारा अडवायलाच हवा. गुडशॉमधलं लाकूडकाम साधारण १७४२ ते १८०९ या काळातलं मानलं जातं, म्हणजे त्यातलं काही इमारतीपेक्षाही जुनं आहे. आधीची प्रार्थनाजागा लम्ब या शेजारच्या वस्तीत होती. तिथून मंडळींनी आपली बाकं पाठीवर घेऊन माळरान ओलांडलं, असं तिथे सांगतात. पुढची पन्नासएक वर्षं ते त्यात भर घालत राहिले. एका दमात उरकलेलं काम असं दिसत नाही.

याच चॅपलशी ‘डीनचे चंडोल’ (डीन हे तिथलंच एक खोरं) म्हणून ओळखली जाणारी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मंडळी जोडलेली होती. त्यातले बरेच हातमागावरचे विणकर. स्तोत्रांच्या चाली ते स्वतः रचत. लाकडाने भरलेल्या त्या आटोपशीर खोलीत त्यांचं गाणं कसं घुमत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता शिखराचं. इंग्लंडमध्ये १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने राजमान्य चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांना सभागृहं उघडण्याची मुभा दिली. अटी होत्या: जागेची नोंद करायची आणि सभेच्या वेळी दाराला कुलूप वा अडसर लावायचा नाही. शिखराबद्दल त्यात अवाक्षर नाही. मनोऱ्याची बंदी खरोखर होती ती ऑस्ट्रियात, सम्राट दुसऱ्या जोसेफच्या १७८१ च्या फर्मानात. दोन देशांची गल्लत झालेली दिसते. आणि बाप्टिस्टांना शिखराचं वावडं होतं म्हणावं, तर अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात त्यांनीच १७७५ मध्ये १८५ फुटी शिखराचं सभागृह उभारलं. तेव्हा ती ब्रिटिशांचीच वसाहत होती.

गरिबीचा मुद्दा अर्धा खरा आहे. पैसा बेताचा होता, आणि १६८९ पूर्वी तर धास्तीही होती. डेव्हनमधलं लाफवूड सभागृह बघा. किल्मिंग्टनच्या बाप्टिस्टांनी छळाच्या दिवसांत उपासनेसाठी ही झाडीतली आडबाजूची जागा निवडली. बाहेरून ते गवताने शाकारलेलं घर वाटतं. आत गेलं की वर गिलावा केलेलं कमानदार छत, खाली पेटीबाकं, आणि जमिनीच्या फळ्यांखाली बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या विधीचा, हौद. नुसत्या काटकसरीने असा हौद होत नाही. बाप्टिस्ट बाप्तिस्मा देतात तो जाणत्या माणसाला, पूर्ण पाण्यात बुडवून. तान्ह्या बाळासाठी दाराजवळ ठेवायचं दगडी पात्र त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. हौद नसेल तर नदी गाठायची. विल्यम कॅरीचा बाप्तिस्मा १७८३ मध्ये नॉर्थॅम्प्टनला नेन नदीतच झाला. पुढे मोल्टन या खेड्यातल्या बाप्टिस्ट मंडळीचा तो पाळक होता. १८०५ चं मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश करणारा कॅरी तो हाच.

म्हणजे पैसा कमी होता हे खरं, पण तो कुठे घालायचा हे पक्कं ठरलेलं होतं: बाहेरच्या दर्शनी भागावर नाही, आत. त्यामुळे बाहेरच्या फोटोवरून केलेला निवाडा चुकणारच.

गुडशॉची मंडळी १८६० च्या दशकात खाली मोठ्या रस्त्याकडच्या नव्या चॅपलमध्ये गेली. त्यामुळे जुन्याला ‘सुधारायला’ कुणी हात लावला नाही, आणि पेटीबाकं, सज्जे, व्यासपीठ जागच्या जागी राहिलं. आज ही वास्तू इंग्लिश हेरिटेज या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. आतले फोटोही सहज मिळतात.