डेट्रॉइट लायन्सच्या अजिंक्यपदांबाबत खुलासा

अमेरिकन फुटबॉलमधील डेट्रॉइट लायन्स या संघाने ‘आजवर एकही विजेतेपद मिळवलेले नाही’ असे विधान समाजमाध्यमांवर फिरत आहे. ते चुकीचे आहे. या संघाने १९३५, १९५२, १९५३ आणि १९५७ मध्ये एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगचे अजिंक्यपद पटकावले असून, १९५७ च्या अंतिम सामन्यात तर क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) बॉबी लेन पायाच्या दुखापतीमुळे बाहेर असताना त्यांच्या जागी खेळलेल्या टोबिन रोट यांच्या जोरावर क्लीव्हलँड ब्राउन्सचा ५९-१४ असा धुव्वा उडवला होता. खरे एवढेच, की १९६७ पासून होत असलेल्या सुपर बोल या एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत लायन्सला अद्याप मजल मारता आलेली नाही. २००८ च्या हंगामात १६ पैकी १६ सामने हरलेल्या याच संघाने प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांच्या हाताखाली २०२४ च्या साखळीत १७ पैकी १५ सामने जिंकले. बाद फेरीत वॉशिंग्टनकडून हार पत्करावी लागली, तरी लायन्सला कायमचा अपयशी ठरवणे अन्यायाचे आहे.