आरशासमोर ‘मी सर्वोत्तम आहे’ म्हणून काय होतं?

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. शब्द बदलतात, गाभा तोच: किशोरवयात आत्मसन्मान कोसळतोच, म्हणून मुलांना रोज आरशासमोर ‘मी सर्वोत्तम आहे’ म्हणायला लावा, २१ दिवसांत सवय लागेल, तोंडभरून कौतुक करा, मग मार्क आपोआप वाढतील. गोड आहे, पण बरंचसं चूक आहे.

‘कोसळतोच.’ मानसशास्त्रज्ञ उलरिख ओर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दीर्घकालीन अभ्यासांतले शेकडो गट एकत्र करून पाहिले. सरासरी आत्मसन्मान ११ ते १५ या वयात साधारण आहे तिथेच राहतो आणि पुढे तिशीपर्यंत वाढतो. तेव्हा आठवीतली मुलगी अचानक गप्प झाली, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. काहीतरी घडलेलं असू शकतं.

‘आरशासमोर म्हणायला लावा.’ कॅनडात जोआन वूड यांनी २००९ साली हेच तपासलं, मात्र कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. दर १५ सेकंदांनी घंटा वाजली की काहींनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं मनात म्हणायचं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचा कमी होता, त्यांना आणखी वाईट वाटलं. कारण सरळ आहे: न पटणारं वाक्य उच्चारलं की मन लगेच उलटे पुरावे काढून दाखवतं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच अपाय.

२१ दिवसांचं मूळ तर प्लास्टिक सर्जरीत आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या सर्जनने १९६० साली लिहिलं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला.

आता कौतुक. खरी गफलत इथे आहे. नेदरलँड्समध्ये एडी ब्रमेलमन यांना दिसलं, की कमी आत्मसन्मानाच्या मुलांना मोठी माणसं जास्त फुगवून शाबासकी देतात, आणि नेमकी तीच मुलं त्यानंतर अवघड काम टाळतात. ‘अप्रतिम!’ ऐकल्यावर पुढच्या वेळीही अप्रतिमच करावं लागणार, मग नकोच ते. ‘हुशार आहेस’चंही तेच. बरं, ‘मेहनती आहेस’ हाही रामबाण नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला त्यात ‘हुशार नाहीस’ असंही ऐकू येतं, विशेषतः पेपर वाईट गेल्यावर.

मग बोलायचं काय? जे दिसलं ते. ‘छान!’ऐवजी ‘तिसऱ्या गणितात रीत चुकली हे तुझं तुलाच कळलं आणि तू पुन्हा मांडलंस.’ एक वाक्य, त्याच दिवशी, पाहुण्यांसमोर नाही. तपासलेला पेपर हातात आला की चुका तीन रंगांत वेगळ्या करा: प्रश्न नीट न वाचल्यामुळे, पायरी गाळल्यामुळे, मुळातच न आल्यामुळे. पहिल्या दोन प्रकारांत किती मार्क गेले ते मुलालाच मोजू द्या. ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य बऱ्याचदा तिथेच लहान होतं. चूक दाखवायला हरकत नाही; एका वेळी एकच दाखवा, आणि आतेभावाचे टक्के मध्ये आणू नका.

शेवटचा दावा मार्कांचा. कॅलिफोर्नियाने १९८६ साली आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कृतिदल नेमलं होतं, बहुतेक सामाजिक प्रश्न त्याने सुटतील या आशेने. पुढे २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी संशोधनाचा आढावा घेतला. आत्मसन्मान वाढवल्याने मार्क वाढतात असा पुरावा मिळाला नाही. उलट चांगली कामगिरी हे काही अंशी आत्मसन्मानाचं कारण ठरतं. म्हणून खरी जबाबदारी द्या: आजीच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरणं, घराचं वीजबिल वेळेत भरणं. चुकलं तर लक्षात येईल, असं काम हवं. मात्र गोळ्यांचा डबा मोठ्यांनी एकदा तपासावाच.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप-जेवण बिघडणं, ‘मी नसलेलंच बरं’ अशी भाषा दिसली, तर हे घरगुती उपाय पुरेसे नाहीत. शेवटचं वाक्य कानावर आलं तर दोन आठवडेही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.