बुद्ध्यांक १२५ आणि गुण ५५ टक्के: दोष माध्यमाचाच का?

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात हुशार मुलाचे गुण घसरले की घरातलं बोलणं लगेच माध्यमावर येतं. पोरगं मराठी शाळेत असेल तर "इंग्रजीत घालायला हवं होतं", इंग्रजी शाळेत असेल तर "मातृभाषेतून शिकला असता तर बरं झालं असतं", आणि दोन्हीकडे कन्नडच्या सक्तीचं ओझं असतंच. १९५६ पासून सीमाभागाने जे सोसलं त्यानंतर हे असं होणं स्वाभाविक आहे. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने तर हा प्रश्न पहिलीच्या दप्तरात आणून ठेवला. भाषेचा प्रश्न खरा आहे, तो लढायलाच हवा. पण अमेरिकेत मुलांच्या चाचण्यांचे अहवाल वाचणं हे ज्यांचं काम आहे, त्यांना इथून एक गोष्ट स्वच्छ दिसते: एका मुलाचे असमान निकाल हा माध्यमाबद्दलचा पुरावा नसतो. आधी त्या निकालाच्या आत बघावं लागतं.

चाचण्या दोन जातीच्या. क्षमता चाचणी मूल किती विचार करू शकतं ते बघते, संपादणूक चाचणी ते काय शिकलं आणि ते कागदावर किती उतरवू शकतं ते बघते. शाळेची परीक्षा दुसऱ्या जातीची. या दोन्हींत फरक पडला की "डोकं आहे पण आळशी आहे" हा शेरा मिळतो. सगळ्यात जास्त नुकसान हा शेरा करतो.

समजा वर्गात ५५ टक्के मिळवणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाची वेक्स्लरची बुद्धिचाचणी (ही क्षमता चाचणी), तिची पाचवी आवृत्ती, घेतली. शाब्दिक आकलन १३०, दृश्य-अवकाशीय १२६, तर्क १३४, कार्यस्मृती (ऐकलेलं-बघितलेलं डोक्यात धरून वापरणं) १०३, प्रक्रियागती (साधं काम झटपट उरकणं) ८९; सरासरी १०० धरतात. एकूण बुद्ध्यांक साधारण १२५ येतो आणि पालक तेवढाच आकडा लक्षात ठेवतात. पण या मुलाच्या बाबतीत १२५ हा आकडा फारसं काही सांगत नाही. त्याचा विचार वयाच्या पहिल्या दोन-तीन टक्क्यांतला आहे आणि हाताचा वेग सरासरीच्याही खाली. १३४ आणि ८९ मध्ये ४५ गुणांचं अंतर आहे. २३ गुणांच्या पुढे, म्हणजे दीड प्रमाण विचलनापलीकडे (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं हे माप, इथे १५) अंतर गेलं, की अनेक जाणकार एकूण आकडा बाजूला ठेवून 'सामान्य क्षमता निर्देशांक' काढतात. त्यात कार्यस्मृती आणि गती धरत नाहीत. या मुलाचा तो १३० च्या वर जाईल. प्रक्रियागती मोजणारी एक उपचाचणी म्हणजे दोन मिनिटांत पेन्सिलीने चिन्हं उतरवणं. अक्षर घोटून काढणारं, चुकेल म्हणून थांबणारं किंवा बोटांत जोर कमी असलेलं मूल तिथे मागे पडतं. त्याचा बुद्धीशी संबंध थोडा. वर्गात फळ्यावरून उतरवून घेताना आणि तीन तासांच्या पेपरात नेमका हाच वेग लागतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ७५ पर्सेंटाइल म्हणजे त्या वयाच्या शंभरांतल्या पंचाहत्तर मुलांपेक्षा वर, म्हणजे बुद्ध्यांक साधारण ११०. तो आकडा बघून "पंचाहत्तरच?" म्हणून पोरावर रागावलेले आईबाप दोन्ही देशांत आहेत.

बेळगावात हातात येणारा अहवाल बऱ्याचदा बिने-कामत किंवा मॅलिनच्या चाचणीचा असतो. बिने-कामत तर आपल्याच मुलखातली. वि. वि. कामत यांनी ती धारवाड भागातल्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, ही १९३० च्या दशकातली गोष्ट. आपल्या दोन भाषांचा तेव्हा शेजारी शेजारी ठेवून विचार झाला होता, याचा अभिमान वाटावा. पण मानकं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ते आकडे, जितकी जुनी, तितके आजच्या मुलांचे आकडे फुगून येतात. शिवाय ती मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय गुणिले शंभर असा हिशेब करते, त्यामुळे तिच्यावरचे १४८ आणि वेक्स्लरवरचे १४८ एक नव्हेत. मॅलिनची चाचणी १९६९ ची, नागपूरची. ती शाब्दिक आणि कृती असे दोन भागफल देते, गती वेगळी काढून दाखवत नाही. म्हणून नुसता शेवटचा आकडा घेऊन घरी येऊ नका. प्रत्येक उपचाचणीचा गुण लेखी मागा आणि मॅलिनच्या अहवालात अंकस्मरण (ऐकलेले आकडे लक्षात ठेवून सांगणं) व संकेतलेखन (चिन्हं भराभर उतरवणं) या दोन ओळी बघा. दरी असली तर ती बहुतेक तिथे सापडते. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हेही अहवालात लिहून मागा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचा शब्दसंग्रह इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये तपासला असेल, तर तो गुण बुद्धीचा नाही, त्या भाषेच्या सरावाचा आहे.

आता माध्यमाचा प्रश्न. तो घरीच बराच उलगडतो. तिसरी-चौथीच्या मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतला, त्या त्या भाषेत त्याला झेपेल असा एकेक अनोळखी उतारा द्या. आधी मोठ्याने वाचून घ्या. मग तशाच दुसऱ्या उताऱ्यावर तुम्ही वाचा, त्याने ऐकावं, आणि प्रश्नांची उत्तरं तोंडी घ्या. शेवटी तीच उत्तरं लिहून घ्या. तोंडी उत्तरं चांगली आणि लिहिलेली तिन्ही भाषांत तोकडी असतील, तर माध्यम बदलून काही होणार नाही. तिथे लेखन-वाचनाची अक्षमता तपासायची. अडचण एकाच भाषेत असेल, तर शिकवणं आणि सराव कमी पडला आहे. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत अक्षर आणि उच्चार जवळ आहेत, त्यामुळे अक्षमता असलेलं मूलही बरोबर वाचतं, पण संथ वाचतं. इंग्रजीत तेच मूल स्पेलिंगला आपटतं आणि दोष इंग्रजी शाळेवर जातो. उलट कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ वेगळे असतात, मराठीत तो भेद नाही. येळ्ळूरचं मराठी पोर तिथे चुकलं तर ती अक्षमता नव्हे. परक्या तपासनिसाला हे कळेलच असं नाही, म्हणून आपण सांगायचं. आणि या सगळ्याच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या.

परदेशात सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत अक्षमतेसाठी केंद्राचा कायदा आहे, प्रतिभावान मुलांसाठी केंद्राची सक्ती नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. १३० ची रेघ ओढून वर सांगितलेल्या मुलाला दारातच थांबवणारे शाळा-विभाग आजही आहेत. प्रतिभावान मुलांच्या राष्ट्रीय संघटनेने एकूण आकड्याची अट घालू नका असं २०१८ मध्ये सांगूनही. आणि इथे दोनच भाषांत वाढलेल्या मुलालाही लोक शंकेने बघतात. बेळगावचं मूल सहाव्या वर्षी तीन भाषा कानावर घेऊन शाळेत येतं, त्या भांडवलाची किंमत इथे राहून जास्त कळते. इथून उचलायची सवय एकच: निकालाचे भाग सुटे करून वाचण्याची.

परीक्षांची निवडही त्या नजरेने करा. पाचवीतल्या नवोदय प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न, दोन तास, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण नुसत्या आकृत्यांचे, उत्तरं गोल रंगवून द्यायची. तर्क तेज आणि हात संथ असलेल्या मुलाला हा पेपर वर्गातल्या पेपरापेक्षा न्याय देतो. आठवीतल्या एन.एम.एम.एस. या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मानसिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न वेगवेगळे असतात, प्रत्येकी ९० मिनिटं. त्या दोन गुणांतलं अंतर शाळेने नोंदवून ठेवलं तरी वर्गातली कितीतरी झाकलेली मुलं सापडतील. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या गरीब घरच्या मुलांना हा तपास आयताच मिळतो, वर निवड झाली तर वर्षाला १२,००० रुपये.

अक्षमतेची शंका पक्की वाटली तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था बेळगावहून गाडीने दीड-दोन तासांवर आहे. मराठीतून तपासणारं कुणी आहे का, हे जाण्याआधी फोनवर विचारा. नसेल तर मराठी समजणारा माणूस सोबत न्या, पण त्याने मुलाला उत्तर सुचवू नये. सकाळची वेळ घ्या. तीच चाचणी पुन्हा घ्यायची तर किमान वर्षभर थांबा, नाहीतर सरावाने आकडा वाढतो. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वर सांगितलेली लेखन-वाचनाची अक्षमता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्यामुळे प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. दहावीच्या ६२५ गुणांसाठी धावाधाव आदल्या महिन्यात करू नका. आठवीत कागद हातात असू द्या.

मधल्या काळात शाळेकडे दोन गोष्टी मागा. लिहायचं प्रमाण निम्मं, म्हणजे दहा गणितांऐवजी पाच, तीही पुढच्या इयत्तेची. आणि उरलेलं तोंडी. अक्षर सुधारेपर्यंत गणित अडवून धरलं की मुलाला गणिताचाच कंटाळा येतो, आणि मग घरात पुन्हा माध्यमावरून वाद सुरू होतो.